गाडी आईंच्या नावावर

आमच्या गाडीचा विमा काढून देणारे काका फॉर्म कधीच आपल्यासमोर भरत नसत. कोरा फॉर्म पुढे सरकवायचे, पेन्सिलीनं फुली मारलेल्या जागी बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "इथी सही करा फक्त. बाकीचं मी घरी बसून भरतो." रायपुरातल्या कितीतरी मराठी घरांचे विमे तेव्हा असेच निघत. माणूस आपला, गणपतीत वर्गणीचं पुस्तक घेऊन येणारा, बायको आपल्याच भजनातली; त्याच्यापुढे फॉर्म वाचत बसायचं म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवायचा. आमच्याकडेही कुणी वाचला नाही. जे झालं ते त्या कोऱ्या फॉर्ममुळे झालं असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण ते माझ्यामुळे झालं, आणि एका माणसाखेरीज आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

राज्य नुकतंच वेगळं झालं होतं. रायपूर राजधानी झालं आणि ज्याला त्याला तिथे काम मिळायला लागलं. माझे यजमान जमीन मोजणारे, सर्व्हेअर. नागपुरात होते. नवी राजधानी म्हणजे नवे रस्ते, नव्या हद्दी, आणि सगळं आधी मोजायचं. एका खासगी कंपनीनं यांना करारावर बोलावलं. करार म्हणजे हात-पाय चालतात तोवर नोकरी; चालणं थांबलं की घरी. तेव्हा मला ते कळत होतं, पण पगार नागपूरपेक्षा बरा होता आणि मी गप्प बसले. आम्ही समता कॉलनीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. हे, मी, आमची सात वर्षांची पोट्टी आणि सासूबाई. मी बी.एस्सी. झालेली, त्यामुळे संध्याकाळी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायचे.

सासूबाईंना मी आई म्हणायचे. त्यांचं निम्मं आयुष्य याच गावात, रेल्वेच्या क्वार्टरात गेलं होतं. सासरे इथेच रेल्वेत होते आणि इथेच गेले. आम्ही सामान लावत होतो तेव्हा आई खिडकीत उभ्या राहून बाहेर पाहत होत्या. "ज्या गावानं कुंकू पुसलं त्याच गावात आणलं मले," एवढंच म्हणाल्या. मी हातातला डबा तसाच धरून उभी राहिले. गृहप्रवेशाच्या दिवशी असं कुणी बोलतं का? रागच आला मला.

गाडी घ्यायची ठरली ती साइटवर जायला. जुनी, पांढरी, पण इंजीन ठणठणीत. अडचण यांच्या पत्रिकेची होती. नागपूरच्या ज्योतिषानं लहानपणीच सांगून ठेवलं होतं की याला वाहनापासून घात आहे, स्वतःच्या नावावर वाहन घेऊ नये. आता गाडी तर पाहिजे! मग आपल्याकडे नेहमी करतात तेच केलं. गाडी आईंच्या नावावर घेतली. मालक आई, चालवणार हे. ग्रहांना काय कळतंय चाकावर कोण बसलंय! आईंनी गाडीला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि मग जिन्यात जो भेटेल त्याला "माझी गाडी आहे" म्हणून सांगत सुटल्या. त्या दिवशी आम्ही सगळेच खूश होतो.

विम्याची मुदत संपत आली तेव्हा ते काका आले. चहा झाला. फॉर्म पुढे सरकवला आणि आईंनी पेन उचललं, तेवढ्यात काका म्हणाले, "काकू, एक सांगून ठेवतो. मालकाच्या अपघाताचा जो विमा असते न, तो मालक स्वतः चालवत असला तरच लागू. तेबी लायसन असलं तर. तुमी चालवता का गाडी?"

आई पदर तोंडाशी धरून हसल्या. "मी? बापा! मले सायकल नाई येत."

"मंग तो तुमाले लागू नाई. अन् साहेब मालक नाईत, म्हणून त्यायलेबी नाई."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "थांबा काका. म्हणजे रोज गाडी चालवतात ते हे, आणि यांना काही झालं तर काहीच नाही?"

"गाडीचं मिळन. समोरच्याचं मिळन. यायचं नाई." काकांनी फॉर्मवर एका रकान्यावर नख ठेवलं. "त्याच्यासाठी हे आहे. ऐच्छिक. पाहिजे असन तर घ्या, नसन तर नका घेऊ. इथी त्यायचं नाव लिहावं लागते, आन् खाली वारसाचं. जीव गेला त पूर्ण, हात-पाय गेला त निम्मं. पैसे काई फार नाई लागत. महिनाभराच्या भाजीत निघून जाते."

जीव गेला तर. आमच्या बैठकीत, देवघराच्या उघड्या दारासमोर, यांच्या देखत, तो माणूस दूध नासलं म्हटल्यासारखं हे बोलून गेला. आईंनी पेन खाली ठेवलं.

"नाई," त्या म्हणाल्या. "नाव नाई लिहायचं."

"आई, अहो..."

"म्या सांगितलं न! शुभ बोल रे नाऱ्या त म्हणे मांडवाले आग लागली! जित्या माणसाचं नाव मरणाच्या कागदावर लिहाचं? वास्तू तथास्तु म्हणत असते, बाई. माझ्या सहीच्या वर माझ्या लेकाचं मरण नाई लिहू देणार मी कोणाले."

त्यांचा आवाज चढला होता. मला सगळं माहीत होतं, काहून ते. सासऱ्यांनी रेल्वेतला वारसाचा फॉर्म एका दुपारी जेवणाच्या पाटावर बसून भरला होता. आईंनी वरण वाढता वाढता विचारलं, काय लिहून राहिले? ते हसून म्हणाले, मी मेलो की तुले काय भेटन ते लिहून राहिलो. त्यानंतर महिना भरायच्या आत ड्यूटीवर जायला म्हणून बूट घालायला बसले ते बसल्या जागीच गेले. आई त्या दिवसापासून कोणत्याच फॉर्मकडे सरळ नजरेनं पाहत नसत.

कळत होतं मला. पण माझाही स्वभाव काही गोड नाही. मी म्हटलं, "आई, मरण काय फॉर्म वाचून येतं का? उद्या यांचा पाय मोडला तर करारवाले दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस ठेवतील. मग पोट्टीला काय खाऊ घालायचं, लिंबं?" लिंबांचं बोलायला नको होतं. आईंचा चेहरा उतरला.

आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते आमचे साहेब! यांचं काय तर, "जाऊ दे ना यार. आईला नको तर नको. एवढ्यासाठी काहून भांडून राहिल्या?" आपल्या जिवाचा प्रश्न, आणि हा माणूस पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. मग आईंनी कोऱ्या फॉर्मवर मोठ्या, वळणदार अक्षरात सही केली आणि उठून देवघरात गेल्या.

काका जिना उतरून फाटकाशी पोचले होते. मी कचऱ्याची बादली घेऊन मागे धावले. बादली रिकामीच होती.

"काका, नाव लिहून टाका. वारस म्हणून माझं लिहा. अन् आईंना सांगू नका."

ते माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलणार होते. मग स्कूटरला किक मारली आणि म्हणाले, "हव. नाई सांगत." इतकी वर्षं रायपुरात काढल्यानं त्यांच्या तोंडात 'हो'साठी तिथलं 'हव' बसलेलं होतं.

मी वर आले ती ताठ मानेनं. म्हटलं, शिकल्याचा हा उपयोग. घरात एक तरी डोकं ठिकाणावर आहे.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. सगळं इंग्रजीत. आईंना इंग्रजी येत नव्हतं आणि यांनी उघडूनही पाहिलं नसतं. दुपारी एकटी असताना मी ते वाचलं. अपघात विमा, त्याखाली टाइप केलेलं यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मृत्यू झाल्यास रक्कम कुणाला, तर माझं नाव, आणि नातं: पत्नी. मी ते दोन-तीनदा वाचलं. यांचं नाव तसं मी कधी कागदावर पाहिलं नव्हतं असं नाही. लग्नपत्रिकेत पाहिलं होतं, रेशन कार्डावर पाहिलं होतं. पण इथे ते एखाद्या गेलेल्या माणसाचं असावं तसं दिसत होतं. पहिलं पान मी गाडीत ठेवायला बाजूला काढलं आणि उरलेली पानं माझ्या शालूच्या घडीत घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

खरं सांगते, त्या दिवसापर्यंत मी कधी यांची वाट पाहिली नव्हती. आले की आले. त्यानंतर मात्र घड्याळाकडे डोळे लागायला लागले. साडेसहाला यायचे. पावणेसात झाले की शिकवणीच्या पोरांना मी चुकीचं गणित सांगायची. सात वाजले की गच्चीवर जाऊन उभी राहायची आणि प्रत्येक पांढऱ्या गाडीचा नंबर वाचायची. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला की जीव भांड्यात पडायचा, आणि मग मी यांच्यावरच खेकसायची, की फोन करायला काय बोटं झिजतात का. हे म्हणायचे, "तुले काय झालंय आजकाल?" काय सांगू? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं मी माझ्याच नवऱ्याचं रोज संध्याकाळी काहीतरी करून टाकत होते. रोज नवीन ठिकाणी, नवीन तऱ्हेनं.

यांचं काम तेव्हा बिलासपूरच्या रस्त्यावर होतं. म्हणजे रोज भनपुरीतून जायचं. एकदा तिकडे एकांकडे हळदीकुंकू होतं म्हणून हे मला सोडायला आले. भनपुरी तशी मला माहीत होती. कारखाने, ट्रकच्या रांगा, पानांवर बसलेली काळी धूळ. पण त्या दिवशी मी ती पहिल्यांदा नीट पाहिली. रस्त्याच्या कडेला एक ट्रक आडवा झालेला होता. लोक उभे होते. ट्रकच्या पलीकडे एक स्कूटर होती आणि रस्त्यावर एक चप्पल. एकच. कुणीतरी तिच्याभोवती चार विटा लावून ठेवल्या होत्या. हे गाडी हळू करून बाजूनं काढत म्हणाले, "रोजचंच आहे इथलं." मला ओटीतली हळदकुंकवाची डबी धरवेना. हळदीकुंकवाला मी गेलेच नाही, तिथूनच परत आणायला लावलं.

"काहून?" हे विचारत राहिले.

"डोकं दुखतंय," म्हटलं.

आणि मग ती काच. उन्हाळ्याचे दिवस होते. हे घरी आले ते उजेडातच, पण गाडीला समोरची काच नव्हती. पुढे सळया भरलेला ट्रक होता, त्यानं ब्रेक मारला आणि एक सळई काचेतून आत आली. शेजारच्या सीटची पाठ फाडून मागे गेली. यांना एक ओरखडासुद्धा नाही. जेवताना हे पोट्टीला रंगवून सांगत होते. "बेटा, हाथभर इधर होती ना, तो पापा की फोटो पे हार!" पोट्टी हसली. शाळेत सगळं हिंदीच, त्यामुळे घरातही आम्ही तिच्याशी हिंदीच बोलायचो. "पापा, फिर से बताओ," म्हणाली.

मी उठून तिच्या पाठीत एक धपाटा घातला. का घातला, तिला कळलं नाही. बिचारी रडायला लागली. आई न जेवताच उठल्या आणि देवघरात जाऊन बसल्या. मला वाटलं, त्यांना कळलंय. कुणीतरी सांगितलंय. आता बाहेर येतील आणि म्हणतील, तू लिहिलंस नाव. मी भांडी घासत होते आणि माझी पाठ त्या दाराकडे होती, पण सगळं लक्ष तिकडेच. त्या बाहेर आल्या, पोट्टीला कुशीत घेतलं आणि झोपवलं. मला काही बोलल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई, विज्ञान शिकवणारी. हो. न्यूटनचे नियम शिकवायचे मी. आणि तिसऱ्याच दिवशी कुणी घरात नसताना ट्रंक उघडून ते कागद बाहेर काढून पाहिले होते, की यांचं नाव अजून तसंच आहे का, की त्यावर काही झालंय. काय व्हायचं होतं त्यावर? पण पाहिलं.

विम्याची मुदत पुन्हा भरत आली तेव्हा काका येण्याची मी वाटही पाहिली नाही. पंडरीच्या बाजारात कापड आणायला जाते सांगून निघाले आणि सरळ त्यांच्या घरी गेले. ते बाहेरच्या खोलीत फायली पसरून बसले होते.

"या सूनबाई. गेल्या वर्षीसारखंच न?"

"नाही," मी म्हटलं. "तो नावाचा रकाना नको या वर्षी. नाव काढून टाका."

त्यांनी चष्मा काढला. "काहून?"

"नको."

"पैशाचं असन त मी भरतो, मंग द्या."

"पैशाचं नाही हो काका. नको म्हणजे नको."

त्यांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाले, "एकदा काकूले विचारून घ्या न."

मला असा राग आला! "आईंना काय विचारायचं? त्यांना पहिल्यापासून नकोच होतं. ऐकून आनंदच होईल त्यांना. तुम्ही फक्त काढा, आणि बोलू नका कुठे."

त्यांनी समोरच्या फाइलवर हात फिरवला. "बरं," म्हणाले. "तुमचं घर, तुमी जाना." नूतनीकरणाला नवी सहीसुद्धा लागली नाही. मी घरी येताना पंडरीत खरंच थांबले आणि पडद्याचं कापड घेतलं, आणि त्या रात्री वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोपले.

चार महिने बरे गेले. मी पुन्हा माणसात आले. घड्याळ पाहणं बंद केलं, गच्चीवर जाणं बंद केलं. हे उशिरा आले तर जेवून घ्यायची. आपण केवढं मोठं संकट टाळलं, असं मला मनापासून वाटत होतं. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

त्या दिवशी सकाळी मी पोट्टीच्या गणवेशाचं कापड आणायला पंडरीत गेले होते. अकराच्या सुमारास परत आले तर आई जिन्यात उभ्या. पायात चपला, खांद्यावर पिशवी, पिशवीत तांब्या आणि पंचा.

"चाल," म्हणाल्या. "जिता आहे. चाल लवकर."

भनपुरीत एक ट्रक वखारीतून मागे मागे येत रस्त्यावर आला होता. हे त्याच्या मागच्या बाजूवर जाऊन आदळले होते आणि गाडीचा पुढचा भाग यांच्या पायांवर बसला होता. घरमालकांकडे फोन आला होता. यांना आमच्याच कॉलनीतल्या हाडांच्या दवाखान्यात आणलं होतं, घरापासून पाच मिनिटांवर. डॉक्टर बाहेर आले. डावा पाय वाचेल म्हणाले. उजव्याचं गुडघ्याखाली काही उरलेलं नाही, तो काढावा लागेल, इथे सही करा. मी सही केली. सर्व्हेअरचा पाय. डोक्यात तेवढंच फिरत होतं, की दिवसभर शेतातून, नाल्यातून, बांधावरून चालायचं ते हा माणूस आता कसा चालणार. करारवाल्यांचा एक जण दारात उभा होता. काळजी करू नका म्हणाला आणि अर्ध्या तासानं दिसलाच नाही.

आम्ही दोघी बाकावर बसलो. मी रडत होते, आई रडत नव्हत्या. त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला. असा त्यांनी आधी कधी घेतला नव्हता.

"ऐक," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "भिऊ नको. पैशाचं मी करून ठेवलं आहे."

मला वाटलं, दागिन्यांचं म्हणताहेत.

"त्या विम्यावाल्याले मी गुरुवारी दत्ताच्या देवळात गाठलं होतं. मागल्या वर्षी, आपलं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं, लिहून टाक रे बाबा लेकाचं नाव. माह्या भीतीपायी पोट्टी उघड्यावर नोको पडायले. पण सुनेले सांगू नको, मले हासन ते." आई किंचित हसल्या. "ती काच फुटली न, तवा लय भ्याली होती मी. वाटलं जाऊन नाव काढून आणावं. रातभर जपमाळ ओढली. मंग म्हटलं, लिहिल्यानं माणूस मरत असता त शाळेच्या हजेरीतलं एकबी पोट्टं जगलं नसतं. राहू दे. त्याईले फोन कर, पोरी. कागद घेऊन या म्हणा. पाय गेला त निम्मं देतात, त्यानं सांगितलं होतं. पोट्टीचं शिक्षण होऊन जाईन."

मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. समोरच्या भिंतीवर हाडांची नावं लिहिलेला तक्ता होता, तो वाचत राहिले.

"फोन कर न," आई म्हणाल्या.

"आई, मी काढायला लावलं नाव."

"कवा?"

"या वर्षी. चार महिने झाले."

"काहून वं?"

"भीती वाटली."

त्यांनी माझा हात सोडला नाही. मी वाट पाहत होते, की आता ओरडतील, शाप देतील, निदान हात तरी झटकतील. ते केलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी त्या म्हणाल्या, "कोणाजवळ बोलू नको. त्याच्याजवळ त मुळीच नोको. त्याले आता बायको लागन, माय नसली तरी भागन."

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. लागला तो आठवड्यानं, नणंद अमरावतीहून आली तेव्हा. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, की एवढी शिकलेली माणसं तुम्ही, चालवणाऱ्याचा विमा कसा काढला नाही? खोलीत काकाही होते. भेटायला आले होते, हातात मोसंबीची पिशवी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोट्टीच्या वेण्या घालत होते.

"मीच नाई म्हटलं होतं," आई म्हणाल्या. "सगळ्यायनं सांगितलं, म्या ऐकलं नाई. विचारा यायले." काकांनी मान खाली घातली. ते पुन्हा आमच्या घरी आले नाहीत.

आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ट्रकवाल्यावरची केस कोर्टात रेंगाळत राहिली, हे घरी बसून नकाशे काढायला शिकले, माझ्या शिकवण्या वाढल्या, पोट्टी शिकली. दिवस निघाले. पण जयपूर फूट लागल्यावरचं पहिलं वर्ष फार वाईट होतं. यांची चिडचिड व्हायची, घाव दुखायचा, आणि ते सगळं जाऊन पडायचं आईंवर. त्यांच्याशी धड बोलायचे नाहीत. एके दिवशी दुपारी जेवायला बसलो होतो. आईंनी यांच्या ताटात लोणचं वाढायला हात पुढे केला आणि यांनी तो हातानंच बाजूला सारला.

"तुझ्या त्या शुभ-अशुभानं माझं वाटोळं केलं," हे म्हणाले. "एक नाव लिहायचं होतं. एक नाव. तेवढं नाही झालं तुझ्यानं."

आईंनी लोणच्याचा चमचा परत बरणीत ठेवला. "हो रे बापा," म्हणाल्या. "चुकलंच माझं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पातेलं घेऊन उभी होते. बोलायला एवढा वेळ होता, आणि ऐकायला घरचेच दोघे. मी यांच्या ताटाकडे वाकले आणि विचारलं, "भात वाढू का?"